झाकणावरचं मंदाताईंचं अक्षर

फोन आला तेव्हा मी दारात भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते. फोन अकोल्याहून होता, शबानाचा. शबाना म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेची, मंदाताईंची, भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. "भाभी, आपा दरवाजा नहीं खोल रही… तुमी लवकर या," एवढंच ती बोलली आणि मला पुढचं कळलं. मंदाताईंचं दार पहाटे साडेपाचला उघडत नाही, असा दिवस गेल्या चाळीस वर्षांत कोणी पाहिलेला नव्हता. अमरावती सोडल्यापासून मूर्तिजापूर येईपर्यंत आमचे हे, म्हणजे मंदाताईंचे धाकटे भाऊ, खिडकीबाहेर बघत होते. मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाले, "झोपेतच गेली असंल, नाई?" तसंच झालं होतं. ओट्यावर चाळणी धुऊन पालथी घातलेली होती आणि तिच्या बाजूला ग्रॅमचा काटा पुसून ठेवलेला होता.

या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. भेटायला येणारी माणसं हळू आवाजात विचारतात, "शेवटी शेवटी काय करत असायच्या हो त्या?" मी सांगते, "मॅकरॉन करत असायच्या." मग ती माणसं माझ्याकडे जरा जपूनच बघतात. दुःखानं हिचं डोकं फिरलं की काय, असं त्यांना वाटत असावं. पण खरंच, माझी नणंद वयाच्या एकसष्टाव्या वर्षापासून अकोल्यातल्या दोन खोल्यांच्या घरात फ्रेंच मॅकरॉन करत होती, आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांतल्या मॅकरॉनना लाज वाटावी असे करत होती. हे मी अभिमानानं लिहिते आहे. थोडं ओशाळूनही लिहिते आहे, ते का ते पुढे येईल.

मंदाताई अकोल्याच्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होत्या. नातेवाइकांच्या भाषेत "शाळेत प्यून आहे ती." परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटचे दिवे भरून ठेवणं, तराजूची वजनं चिमट्यानं उचलून पेटीत लावणं, हे त्यांनी तेहेतीस वर्षं केलं. त्यांचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. मग काय, आमच्या सगळ्या गोतावळ्यानं त्यांना वाटूनच घेतलं. कोणाच्या घरी कार्य निघालं की आठ दिवस आधी मंदाताईंना निरोप. पापड लाटा, कुरडया घाला, लाडू वळा. कार्याच्या दिवशी त्या आचाऱ्याजवळ उभ्या. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये त्या फक्त एका फोटोत आहेत, तोही पाठमोऱ्या, हातात झारा. मी काही वेगळी नव्हते. दर उन्हाळ्यात वाळवणं आली की मीही अकोल्याला फोन लावायचे आणि त्याही "येतो ना" म्हणून पहिल्या गाडीनं यायच्या. त्यांना काय आवडतं, हे मी तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मॅकरॉन आमच्या घरी आणले ते माझ्या लेकीनं, पूर्वानं. ती पुण्याला नोकरीला. एका दिवाळीला तिनं सहा मॅकरॉनचा एक नाजूक खोका आणला. बदामाच्या पुडीची आणि साखरेची दोन गुळगुळीत टोपणं, मध्ये गोड सारण, असा तो प्रकार. मी एक तोंडात टाकला आणि "गोड आहे" म्हणून मोकळी झाले. मंदाताईंनी मात्र तो बशीत घेतला, चष्मा पुसला, उलटा करून पाहिला, सुरीनं मधोमध कापला. "वर तडा नाई, आत पोकळ नाई, अन् खाली हे झालर पाह्य कशी सारखी निघाली… हे कोनं केलं वं, पूर्वा?" दुकानाचं नाव सांगितलं तर म्हणाल्या, "दुकान नाई, मानूस इचारून राहिली मी." कुठल्याशा हातानं ते केलं असणार आणि त्या हाताचं नाव कोणाला ठाऊक नाही, याची त्यांना हळहळ वाटली. त्यांना ती वाटणारच.

निवृत्तीनंतर त्यांनी छोटा ओव्हन घेतला होता, नानकटाई करायला. आता त्यात हे सुरू झालं. मोबाइलवरचे व्हिडिओ इंग्रजीत. ते थांबवून थांबवून त्या नुसते हात बघायच्या. आणि सगळं लिहून ठेवायच्या, शाळेच्या प्रॅक्टिकलच्या वहीत, एका बाजूला कोरं पान असलेल्या. प्रयोग क्रमांक, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. फेटायला लागणारा अंड्याचा पांढरा भाग त्यांचा आणि पिवळा शबानाच्या घरचा, अशी वाटणी ठरलेली. पहिले बारा प्रयोग वाया गेले. टोपणांना तडे जायचे, झालर निघायचीच नाही. कारण असं की पीठ ट्रेवर गोल गोल पाडल्यावर ते आधी उघड्यावर सुकू द्यावं लागतं. वरून साल धरली, बोटाला चिकटेनासं झालं, की मगच ओव्हनमध्ये. कुरडया वाळवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला साल काय असते ते सांगायला नको. पण अकोल्यासारख्या ठिकाणी, मे महिन्यात, जिथे ओला टॉवेल दहा मिनिटांत पापडासारखा कडक होतो, तिथे हे काही केल्या सुकेना!

तेराव्या प्रयोगाच्या आधी त्या वही घेऊन बसल्या आणि बाराही पानं पुन्हा वाचून काढली. दुसऱ्या दिवशी मला फोन. "संध्या, सापडलं. मी ट्रे कूलरसमोर ठेवून राहिली होती ना!" आपण वऱ्हाडातली माणसं, उन्हाळ्यात सुकवायचं काही असो की झोपायचं, आपला पाय आपोआप कूलरकडे वळतो. आणि कूलरचा वारा ओला. खस भिजवून येणारा. आमच्याशिवाय जगात कोणी ही चूक केली नसेल. त्या दिवसापासून मंदाताईंच्या वहीत एक ओळ कायमची आली, "कूलर: बंद." पंचेचाळीस अंशांत, दारं-खिडक्यांना पडदे लावून, साल सगळीकडून सारखी धरावी म्हणून पंखासुद्धा न लावता ही बाई ट्रेजवळ बसून राहायची. तेराव्या प्रयोगाला झालर निघाली. निरीक्षणात लिहिलं आहे, "सुंदर." प्रॅक्टिकलच्या वहीत असला शब्द चालत नाही, हे त्यांना नक्की माहीत होतं.

मग संत्र्याचे झाले, चिखलदऱ्याच्या कॉफीत घोटलेल्या खव्याचे झाले. डबे आमच्याकडे येऊ लागले. प्रत्येक डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली, त्यांच्या गोल, एकेक अक्षर सुटं काढलेल्या हातानं लिहिलेली, शाळेतल्या बाटल्यांवर असायची तशी. "संत्रा. अंडं आहे. आज नाही, उद्या खा." मॅकरॉन एक रात्र मुरला की खरा लागतो, म्हणून उद्या. आणि अंडं आहे, हे का? तर त्या म्हणायच्या, "बाटलीवर नाव नसलं तर पोरं हात भाजून घेतात." मला तेव्हा हे जरा अतीच वाटायचं.

पूर्वाचं लग्न ठरलं ते अकोल्यातल्याच एका घरात. मुलगा चांगला, माणसं चांगली, पण घर कट्टर शाकाहारी. आजेसासूबाईंच्या गळ्यात माळ, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. पूर्वानं जाहीर केलं, "माझ्या रुखवतात आत्याचे मॅकरॉन पाहिजेत. मनोराच करायचा." रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी हातानं केलेल्या वस्तूंची आणि पदार्थांची मांडणी, मुलाकडच्या बायका ती बारकाईनं बघतात, नावं ठेवायला त्यांना तिथे मुभाच असते. मंदाताई मोहरून गेल्या. आजवर कार्यात त्यांना कामं सांगितली गेली होती. हे पहिलंच काम असं होतं की ते कसं करायचं ते सांगणारं आमच्यात कोणी नव्हतंच. दोनशे टोपणं त्यांनी करून डब्यांत भरूनही ठेवली.

लग्नाला पाच दिवस उरले असताना आमच्या विहीणबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाल्या, "संध्याताई, रुखवतात अंड्याचं काही नसंल ना? आमच्या सासूबाई पहिला घास त्यातलाच घेतात, म्हणून विचारलं." आणि मी, एका क्षणाचाही विचार न करता, म्हणाले, "छे हो! अंड्याचं कसं असेल?"

वेळ मारून नेण्यात माझा हात कोणी धरणार नाही. लगेच मंदाताईंना फोन लावून सांगितलं की असं असं बोलले आहे, आता तुम्ही काही बोलू नका, चिठ्ठ्या-बिठ्ठ्या लावू नका, बदाम आणि साखरच तर लागते चवीला, कोणाला कळणार आहे! मग त्यांनी विचारलं, "तू त्यायले काय सांगतलं?"

"नाही म्हणून सांगितलं."

"मंग आता नसलंच पायजे."

मला वाटलं, मनोरा रद्द. रुखवतातली ती जागा भरायला शेवयांच्या गोळ्या आहेत, असं मी म्हणणार होते. पण त्या म्हणाल्या, "खानाऱ्याले न सांगता खाऊ घालू? हे माह्याच्यानं होत नाई. अन् मनोरा बी होईन. तू फोन ठेव."

दुसऱ्या दिवशी मी तणतणतच अकोला गाठलं. लग्नघर सोडून आले होते, ते त्यांना समजावायला. बघते तर त्या दोनशे टोपणांचे डबे शबानाच्या ओट्यावर गेलेले, आणि मंदाताईंच्या गॅसवर काबुली चण्यांचं पातेलं. वहीतलं एक जुनं पान उघडं होतं. प्रयोग एकतीस: अंड्याऐवजी काबुली चणे शिजवलेलं पाणी. निरीक्षण: फेस येतो, टिकत नाही. अनुमान: पाणी आटवून पाहावे. सहा महिन्यांपूर्वी कुठल्याशा व्हिडिओत बघून त्यांनी ते करून पाहिलं होतं आणि अर्धवट सोडलं होतं. आता चार दिवसांत ते पुरं करायचं होतं. मी डोक्याला हात लावला.

"ताई, अहो चण्याच्या पाण्याचा फेस! लोक हसतील."

"हसू दे. खोटं तं नाई ना बोलनार."

त्या मला रागावल्या नाहीत. एकदाही "तू काहून खोटं बोलली" असं म्हणाल्या नाहीत. मी बोललेलं खोटं त्या खरं करायला बसल्या होत्या, आणि ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. मी पदर खोचला आणि बदामाची पूड चाळायला घेतली.

त्या दिवशीचे दोन्ही घाणे गेले. पहिल्याची टोपणं पसरली, दुसऱ्याची आतून पोकळ. मी रात्री तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी पाणी आटवून निम्म्याहून कमी केलं, फ्रिजमध्ये थंड केलं, लिंबाचे चार थेंब घातले आणि फेटायला घेतलं. फेस चढत गेला, इतका घट्ट की मंदाताईंनी भांडं माझ्या डोक्यावर उलटं धरलं आणि मी ओरडले. एक थेंब पडला नाही. मग बदाम, साखर, केशरी रंग. मेंदीच्या कोनासारख्या मोठ्या कोनातून त्यांनी गोल पाडले, सगळे एका मापाचे, मोजायला वाटी नाही की छाप नाही. ट्रे ओट्यावर आपटून हवेचे बुडबुडे काढले. आणि कूलर बंद, पंखा बंद. दोघी डोक्यावर ओले टॉवेल घेऊन बसलो. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. दर दहा मिनिटांनी त्या करंगळीनं एका कडेचं टोपण हलकंच शिवायच्या. "नाई अजून." पुन्हा दहा मिनिटं. "नाई." मी म्हटलं, मला चक्कर येईल. त्यांनी कांदा फोडून हुंगायला माझ्या हातात दिला. अंड्याच्या टोपणांना अर्धा तास पुरायचा, याला दोन तास लागले. मग ओव्हनचा दिवा लावून आम्ही दोघी काचेसमोर खाली फरशीवर मांडी घालून बसलो. सातव्या मिनिटाला टोपणं जरा उचलली आणि खालून, सगळ्यांना एकदम, झालर फुटली. मंदाताईंनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी वाढली. त्या चार दिवसांत शबानाच्या घरी आणि, एसटीनं डबे जात होते म्हणून, आमच्या लग्नघरीही सगळ्यांनी छोले खाल्ले, सकाळ-संध्याकाळ. आमचे हे अजून छोल्यांचं नाव काढू देत नाहीत.

लग्नाच्या दिवशी बर्फाच्या पेटीतून आणलेले मॅकरॉन त्यांनी ऐन वेळेला रचले. केशरी आणि कॉफी रंगाचा मनोरा, आणि पुढे कार्ड: "अंडं नाही. काबुली चणे शिजवलेल्या पाण्यात केले आहेत. मंदा." मुलाकडच्या बायका आल्या. एकीनं वाकून वास घेतला आणि दुसरीला म्हणाली, "साबनाच्या वड्या लय भारी केल्या वं." दुसरीनं मान डोलावली. पाच-सहा जणी साबणाचं कौतुक करून पुढच्या रांगोळीच्या ताटाकडे सरकल्यासुद्धा! मी हसू की रडू अशा अवस्थेत. तेवढ्यात आजेसासूबाई आल्या. त्यांनी कार्ड हातात घेऊन मोठ्यानं वाचलं, शेवटच्या नावापर्यंत. "हे मंदा कोन?"

मंदाताई सवयीप्रमाणे आचाऱ्याजवळ गेल्या होत्या. पूर्वा, नवरी असून, मुंडावळ्या सावरत पळत गेली आणि त्यांना हाताला धरून घेऊन आली. आजींनी त्यांना नीट बघितलं. "चन्याचं पानी तं आमी फेकून देतो."

"आमीबी फेकतच होतो," मंदाताई म्हणाल्या.

आजींनी मॅकरॉन उचलला, विहीणबाईंना एक दिला आणि खाल्ला. मग आणखी एक मागितला. पंधरा मिनिटांत मनोरा संपला. साबण म्हणणाऱ्या दोघी सर्वांत पुढे. फोटोवाल्यानं रुखवताचा फोटो काढला त्यात मंदाताई मधोमध आहेत, समोर तोंड करून, रिकाम्या ताटाशेजारी. त्यात त्या हसत नाहीत. शाळेच्या गटफोटोत मुख्याध्यापक असतात तशा ताठ उभ्या आहेत. आमच्या बैठकीत आता तोच फोटो लावला आहे.

त्यानंतर त्यांना कोणी पापड लाटायला बोलावलं नाही. म्हणजे बोलावलं, पण "तुम्हाला जमेल का?" असं विचारून. ज्या शाळेत त्यांनी नळ्या धुतल्या, त्याच शाळेनं विज्ञान प्रदर्शनात त्यांना पाहुणी म्हणून बोलावलं. फेस कशानं टिकतो, यावर त्या नववीच्या मुलींसमोर वीस मिनिटं बोलल्या, हातात भांडं घेऊन, आणि शेवटी भांडं मुख्याध्यापकांच्या डोक्यावर उलटं धरलं. मुली किंचाळल्या म्हणे. हे मला त्यांनी नाही, शबानानं सांगितलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. लग्नानंतर त्या मला एकदाच म्हणाल्या होत्या, "संध्या, विहीनबाईले तू सांगजो वं, तवा काय झालं होतं ते. मी नाई सांगनार. ते तुहं आहे." मी "हो हो" म्हटलं. आज सांगू, उद्या सांगू… तीन वर्षं गेली. मंदाताईंनी पुन्हा कधी विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचं घर आवरायला गेलो. विहीणबाई मदतीला आल्या होत्या. भांडी झाली, वह्या पूर्वासाठी बाजूला ठेवल्या. शेवटी फ्रिज. बर्फाच्या कप्प्यात एक डबा निघाला. झाकणावर चिठ्ठी: "कॉफी. अंडं नाही. बाहेर काढून अर्धा तास ठेवा." आम्ही तो ओट्यावर ठेवला आणि त्याच्या समोर दोघी अर्धा तास बसलो. कूलर लावायला मी उठले होते, पण लावला नाही.

त्या अर्ध्या तासात मी विहीणबाईंना सगळं सांगितलं. फोनवर मी खोटं बोलले होते, दोनशे टोपणं अंड्याची तयार होती, मी गप्प बसा म्हणाले होते… विहीणबाईंनी ऐकून घेतलं. मग झाकण उचलून त्यांनी ती चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, डब्यातला एक मॅकरॉन घेतला आणि म्हणाल्या,

"संध्याताई, राग नका मानू. तुमचं ते 'छे हो' इतकं झटकन आलं होतं ना, की तवाच मले शंका आली होती. तुमच्या शब्दावर आमी त्या दिवशीही खाल्लं नव्हतं. कार्ड वाचून खाल्लं होतं."

आणि त्यांनी खाल्ला. मग डबा माझ्याकडे सरकवला.